स्पीकरमधली ‘घूंऽऽ’ आणि ‘स्स्स’ नेमकी येते कुठून? घरच्या घरी असं शोधा

रात्री अकराच्या सुमारास सोलापूर रस्त्यावरची वर्दळ कमी होते, घरातला टीव्ही बंद होतो आणि तेव्हा लक्षात येतं की गाणं थांबलं तरी स्पीकर बोलतोच आहे. कधी खालच्या पट्टीत ‘घूंऽऽ’, कधी बारीक ‘स्स्स’. मग लोणी काळभोरमध्ये कुणी पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या २५ हजार व्होल्टच्या तारांना दोष देतं, कुणी महावितरणच्या डीपीला, तर कुणी थेट नवा अ‍ॅम्प्लिफायर शोधायला लागतं. घर रुळांना अगदी खेटून नसेल, तर गुन्हेगार बहुतेक वेळा घरातच सापडतो. तोही टीव्हीच्या मागे.

आधी दोन्ही आवाज वेगळे करा. ‘घूंऽऽ’ला हम म्हणतात. हा आवाज विजेचा. ‘स्स्स’ला हिस म्हणतात. हा आवाज इलेक्ट्रॉनिक भागांचा किंवा रेकॉर्डिंगचा. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

हमची पट्टी ओळखा

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे ५० हर्ट्झ. ही वीज एखाद्या वायरीतून थेट सिग्नलमध्ये शिरली, तर स्पीकरमधून ५० हर्ट्झचा अगदी खोल आवाज येतो. अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय मात्र आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग वापरून डीसी तयार करतो, त्यामुळे तिथला दोष १०० हर्ट्झवर ऐकू येतो: बरोबर एक सप्तक वर आणि जरा खरखरीत. हेडफोन लावून यूट्यूबवर ५० आणि १०० हर्ट्झचे टेस्ट टोन ऐका आणि तुमचा आवाज कशाशी जुळतो ते बघा. फोनच्या स्पीकरवर ५० हर्ट्झ ऐकू येणारच नाही, म्हणून हेडफोन हवेत. हा पुरावा शंभर टक्के पक्का नसतो, पण दिशा कळते.

आता व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. हम तसाच राहिला, तर दोष व्हॉल्यूमच्या बटणाच्या पुढे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच आहे. वीस-तीस वर्षं जुन्या सेटमध्ये दोन्ही स्पीकरमधून १०० हर्ट्झचा हम येत असेल, तर पहिला संशय फिल्टर कपॅसिटरवर घ्यावा. आतला द्रव सुकत जातो आणि डीसी गुळगुळीत करण्याची त्याची ताकद कमी होते. मेकॅनिकला हे पाच मिनिटांचं निदान आहे. झाकण स्वतः उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धक्का बसेल इतकी वीज साठून राहू शकते.

एक गंमत इथेच तपासून घ्या. स्पीकरच्या वायरी काढल्यावरही घुमणं ऐकू आलं, तर तो आवाज ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पत्र्यांचा आहे. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या सेटमध्ये हे हमखास दिसतं. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. आपण स्टेप-डाउन लावून व्होल्ट कमी करतो, पण हर्ट्झ ५०च राहतात आणि फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर जास्त गुरगुरतो, जास्त तापतोही. नुसती केबल बदलून हा आवाज जाणार नाही.

एकेक वायर काढत जा

व्हॉल्यूम कमी केल्यावर हम कमी होत असेल, तर तो बाहेरून आत येतोय. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, मागच्या सगळ्या इनपुट वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. शांतता आहे? मग एकेक वायर परत जोडा, दरवेळी आधी सेट बंद करूनच. चालू सेटमध्ये पिन खोचली की जो ‘धाड’ आवाज येतो, तो स्पीकरचा जीव घेऊ शकतो.

समजा टीव्हीची वायर जोडताच हम परत आला. आता टीव्ही बंद करू नका, फक्त सेट-टॉप बॉक्सला बाहेरून येणारी केबलची वायर काढून बघा. हम गायब? मग हा ग्राउंड लूप. केबलवाल्याच्या वायरीचं बाहेरचं आवरण कुठेतरी दूर जमिनीला टेकलेलं असतं आणि तुमचा अ‍ॅम्प्लिफायर घरातल्या अर्थिंगला. जमीन दोन्हीकडे एकच असली, तरी दोन ठिकाणच्या दाबात थोडा फरक असतो. पाण्याची पातळी किंचित वेगळी असलेले दोन हौद पाइपने जोडले की पाणी वाहू लागतं, तसा ऑडिओ केबलच्या आवरणातून बारीक प्रवाह वाहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यालाच गाणं समजून मोठा करतो.

उपाय सोपा आहे. टीव्हीला ऑप्टिकल आउट आणि अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल, तर ती केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे लूप आपोआप तुटतो. नसेल तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी ऑडिओ वायरीत बसवा. लॅपटॉपचा चार्जर काढताच हम थांबत असेल, तर त्यालाही हीच डबी चालते. रेकॉर्ड प्लेअर असेल, तर त्याची बारीक वेगळी ग्राउंड वायर मागच्या स्क्रूला घट्ट बसली आहे ना ते आधी बघा. रेकॉर्डच्या पिकअपमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात, त्यामुळे तिथे एवढीशी ढिलाईही मोठ्याने ऐकू येते.

अर्थची पिन तोडू नका

या हमवर एक ‘जुगाड’ सर्रास सांगितला जातो: तीन पिनच्या प्लगमधली वरची जाड पिन काढून टाका किंवा दोन पिनचा अ‍ॅडॅप्टर लावा. हम खरंच जातो, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण ती पिन आवाजासाठी नसतेच. आतली वायर कधी खरवडली आणि धातूच्या कॅबिनेटला टेकली, तर करंट त्या पिनमधून जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा, यासाठी ती असते. पिन नसेल तर कॅबिनेटला २३० व्होल्ट येतात आणि पुढचा रस्ता हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो.

उलट, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंगच तपासायला हवं. जुन्या घरांत सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, मागे वायरच नसते. असली तरी अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत असेल, तर एप्रिल-मेमध्ये माती सुकून भेगाळते, पट्टीपासून सुटते आणि अर्थिंग कमजोर होतं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी पद्धत त्यासाठीच. वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर तोही बसवून घ्या.

हमसारखाच पण कर्कश ‘घर्रर्र’ असेल, तर पंख्याचा रेग्युलेटर, डिमर आणि स्वस्त एलईडी दिवे एकेक करून बंद करून बघा. वीज गेल्यावरच सुरू होत असेल, तर इन्व्हर्टर बघा. स्क्वेअर वेव्हवाला हा आवाज करतो, साइन वेव्हवाला सहसा नाही.

आणि ती ‘स्स्स’

हिस पूर्ण संपत नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन जॉन्सन यांनी मोजून दाखवलं की कोणत्याही रेझिस्टरमध्ये निव्वळ उष्णतेमुळे सूक्ष्म विद्युत गोंगाट होतो, आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. त्यामुळे कान स्पीकरला चिकटवल्यावर येणारी हिस दोष नव्हे. बसायच्या जागेवरून ऐकू आली, तर मात्र बघा. बहुतेक वेळा फोनचा आवाज निम्म्यावर आणि अ‍ॅम्प्लिफायरचा खूप वर असतो. उलट करा: फोन जवळपास पूर्ण, अ‍ॅम्प्लिफायर कमी. एफएमवर हिस असेल, तर स्टिरिओऐवजी मोनो करा, कारण स्टिरिओला बराच जोरकस सिग्नल लागतो. कॅसेटवर असेल आणि ती डॉल्बी बी लावून भरलेली असेल, तर डेकवरचं ते बटण दाबा. वरच्या पट्टीतली हिस सुमारे १० डेसिबलने कमी होते.

काही हिस मात्र रेकॉर्डिंगमध्येच असते. लोणी काळभोरच्या राजबागेत ज्या राज कपूर यांचं स्मारक आहे, त्यांच्या १९४९च्या ‘बरसात’ची गाणी ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांवर निघाली होती. तशी तबकडी आजच्या सर्वात महागड्या सेटवर लावली, तरी सुईखालची सळसळ ऐकू येणारच.