खाली ओलं, वर साखर

इंदूरच्या मराठी घरांतल्या आठवणी आपण इथे लिहितो, म्हणून ही एक साखरेची.

१९९४ साली, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, सासूबाईंनी माझे हलव्याचे दागिने घरीच केले. शेगडीवर परात, मंद आच, खसखशीवर थोडाथोडा पाक आणि बोटांनी सतत हलवणं. असे कित्येक दिवस. इंदूरची कोरडी थंडी पडली की काटा छान फुटायचा. आभाळ आलं की त्या परात उचलून ठेवायच्या. मी काही शिकले नाही. मला केकचं वेड.

२०१६ च्या जुलैत फॉन्डंटची पहिली ऑर्डर घेतली. व्हिप्ड क्रीमवर फॉन्डंट लाटून चढवलं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बाहेर काढलं तर केकला घाम फुटलेला, दुपारपर्यंत फुलं घसरून ताटात. पैसे परत केले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "खाली ओलं, वर साखर. टिकेल कशी गं?"

नेमकं तेच! फॉन्डंट म्हणजे मुख्यतः दळलेली साखर, ती ओल ओढते. आता मी खाली घट्ट गनाश लावते.

मग वाचायला लागले. फॉन्डंट हा फ्रेंच शब्द, 'वितळणारं' या अर्थाचा. ते मूळचं, पाक घोटून पांढरा करून केकवर ओतायचं. लाटायची साखर त्याहून जुनी. अलेस्सिओ पिएमोंतेसे या नावाने १५५५ मध्ये व्हेनिसला एक पुस्तक निघालं, १५५८ मध्ये इंग्रजीत आलं. त्यात साखर आणि ट्रॅगाकॅन्थ डिंक मळून ताटल्या, पेले, फळं करायची कृती आहे. जेवण झालं की भांडीच खाऊन टाकायची! या डिंकाला आपल्याकडे गोंद कतीरा म्हणतात. (त्याच नावाने बाजारात दुसऱ्या झाडांचे डिंकही खपवतात, ते सोडा.) म्हणजे जो उन्हाळ्यात सरबतात भिजवायचा, तोच फॉन्डंटच्या पाकळ्यांना ताठ ठेवतो.

सासूबाई २०२१ मध्ये गेल्या. आता बोरन्हाणाच्या केकवर लोक हलव्याचे दागिने मागतात. मी फॉन्डंटचे करते. मुकुट होतो, बासरी होते, पण काटा काही येत नाही. टूथपिकने टोचून आणते, आणि तो टोचलेलाच दिसतो.

माझे १९९४ चे दागिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. हाराचा दोरा कुजलाय. दाणे पिवळे पडलेत, पण काटे अजून बोटाला लागतात.