तब्रिझचे विहार आणि ठाण्याचे बंदर

रामदासपेठेतील एका अभ्यासवर्गात संयुत्तनिकायाचे वाचन चालू असताना एका तरुण उपासकाने आम्हांस प्रश्न विचारला : 'बक्षी' हा शब्द 'भिक्खू'पासून आला, हे खरे आहे काय? त्या दिवशी आम्ही त्याचे समाधान करू शकलो नाही. उत्तर देण्यासाठी मध्ययुगीन आशियाचा मोठा प्रवास करावा लागतो आणि त्या प्रवासाचे एक टोक आपल्या ठाणे-सोपाऱ्यापर्यंत येते.

मराठेशाहीत बक्षी म्हणजे फौजेचा हिशेब आणि पगार पाहणारा अधिकारी. महादजी शिंद्यांच्या फौजेतील जिवबादादा बक्षी हे नाव वाचकांच्या परिचयाचे असेल. हे पद मराठ्यांकडे मोगलांकडून आले. परंतु तेराव्या शतकातील इराणचे फारसी ग्रंथ उघडले की 'बख्शी' म्हणजे बौद्ध भिक्खू असा अर्थ आढळतो. मंगोल दरबारात उइगुर बौद्ध लेखनकुशल होते. त्यामुळे बख्शी म्हणजे प्रथम भिक्खू, पुढे लेखक, मग हिशेबनीस आणि शेवटी पगार वाटणारा असा अर्थ सरकत गेला. मूळ शब्द 'भिक्खू' असावा असे पूर्वी काही विद्वानांनी मानले. आज बहुतेकांचा कल तो चिनी भाषेतील 'विद्वान, आचार्य' या अर्थाच्या शब्दापासून उइगुरांमार्फत आला असे मानण्याकडे आहे. पालीचे विद्यार्थी म्हणून पहिली व्युत्पत्ती आम्हांस अधिक गोड वाटते, पण गोडी हा पुरावा नव्हे. ('बक्षीस' हा शब्द मात्र सर्वस्वी वेगळ्या कुळातला आहे.)

हे भिक्खू इराणात पोहोचले कसे? चंगीझ खानाचा नातू हुलागू 1256 साली इराणात उतरला. 1258 साली त्याने बगदाद उद्ध्वस्त केले. त्या कत्तलीचे समर्थन कोणत्याही इतिहासकाराने करू नये. त्याच्या वंशजांना इल्खान म्हणतात; तब्रिझ ही त्यांची प्रमुख नगरी झाली. तिकडे चीनमध्ये हुलागूचा भाऊ कुब्लाई खान याने तिबेटी भिक्खू फाग्पा यास राजगुरू केले होते. एकाच घराण्याच्या हाती चीन, मध्य आशिया, रशियाचे गवताळ प्रदेश आणि इराण आल्यामुळे वाटेवर डाकेची ठाणी बसली, राजमुद्रेचा पट्टा दाखविणाऱ्यास घोडे व अन्न मिळू लागले. या मार्गाने रेशीम पश्चिमेस गेले. जिनोआ व व्हेनिसचे व्यापारी तब्रिझच्या बाजारात येऊन राहिले. आणि उइगुर, तिबेटी, काश्मिरी भिक्खू इल्खानांच्या दरबारी आले.

फ्लॉरेन्सच्या पेगोलोत्ती या व्यापाऱ्याने 1340 च्या सुमारास व्यापाऱ्यांसाठी एक पुस्तिका लिहिली. तीत अझोव्ह समुद्राकाठच्या 'ताना' या गावापासून चीनपर्यंतचा मार्ग दिला आहे. तानाहून अस्त्राखानपर्यंत बैलगाडीने पंचवीस दिवस, घोडागाडीने दहा ते बारा. हा मार्ग रात्रंदिवस सुरक्षित आहे, असे तो सांगतो. युरोपीय प्रवाशांच्या ग्रंथांत आपले ठाणेही 'ताना' याच नावाने येते, आणि घाईने वाचणारा दोन्हींची गल्लत करतो. पण ही दोन 'ताना' एकाच व्यापारजाळ्याच्या दोन बाजूंस होती. मंगोल घराण्यांत आपसांत युद्धे पेटली की खुष्कीचा मार्ग बंद पडे आणि लोक समुद्राकडे वळत. मार्को पोलो चीनहून परतला तो याच कारणाने जहाजाने. इल्खान अर्घून याच्यासाठी निवडलेल्या कोकाचीन या राजकन्येला पोहोचविण्याची कामगिरी त्या तांड्याकडे होती. ते इराणात पोहोचले तेव्हा अर्घून मरण पावला होता. तिचा विवाह त्याचा पुत्र गाझान याच्याशी झाला. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मार्को पोलोच्या वृत्तान्तात ठाण्याहून निर्यात होणारे कातडे, सुती कापड व धूप यांचा उल्लेख आहे. परदेशी व्यापाऱ्यांची जहाजे तेथे सोने, रुपे, तांबे आणत. तेथील राजाने समुद्रचोरांशी करार केला होता, असेही तो सांगतो : लुटीतील घोडे राजाचे, बाकीचा माल चोरांचा. घोडे होर्मुझकडून, म्हणजे इल्खानांच्या प्रभावाखालील बंदरांतून येत. कोकणावर तेव्हा देवगिरीच्या रामचंद्र यादवाचा अंमल होता.

आता इराणातील भिक्खूंकडे वळू. अर्घून हा बौद्ध होता. भिक्खूंच्या शब्दाला त्याच्या दरबारी मोठा मान होता. त्याने विहार बांधले, त्यांना उत्पन्ने लावून दिली. गाझानही लहानपणी भिक्खूंच्या शिकवणुकीत वाढला आणि खोरासानचा सुभेदार असताना त्यानेही विहार उभारले. परंतु 1295 साली गादी मिळविण्याच्या लढ्यात त्याने इस्लाम स्वीकारला आणि सत्ता हाती येताच बौद्ध विहार पाडण्याचा हुकूम दिला. ख्रिस्ती व ज्यू प्रार्थनास्थळांवरही आघात झाले. भिक्खूंना इस्लाम स्वीकारावयास लावण्यात आले; पुढे, ज्यांना मनापासून तो मान्य नसेल त्यांनी हिंदुस्थान, काश्मीर वा तिबेटात निघून जावे, अशी मुभा मिळाली. अर्घूनच्या एका विहाराच्या भिंतीवर त्याचे चित्र होते. विहार पडल्यावर ते पावसात व बर्फात उघडे राहिले. निदान पित्याच्या स्मृतीसाठी ती वास्तू पुन्हा उभारावी, अशी विनंती राजघराण्यातील स्त्रियांनी केली. गाझानने ती विहार म्हणून उभारण्यास नकार दिला. 

जवळपास चाळीस वर्षांचा आश्रय एका हुकुमाने संपला. त्यानंतर इराणात बौद्ध लोकसमाज म्हणून काही शिल्लक राहिल्याचे दिसत नाही. कारण उघड आहे : भिक्खू दरबाराचे पाहुणे होते. गावोगावी उपासक नव्हते, दान राजाच्या कोषातून येत होते.

ठाण्यापासून जवळच असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत याहून निराळे चित्र दिसते. तेथेही राजांची दाने आहेत, हे नाकारता येत नाही. पण शिलालेख वाचताना सारखी भेट होते ती कल्याण, सोपारा, चेऊल, नाशिक येथील सामान्य उपासकांची. कल्याणचा सोनार सामिदत पाण्याचे टाके देतो. तिथलाच लोहार नंद वाट करून देतो. सोपाऱ्याचा कोणी मणिकार दाता म्हणून पुढे येतो. इसवी सनाच्या आरंभापासून नवव्या शतकातील राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळापर्यंत ही दाने चालू आहेत. शेवटच्या लेखांत तर भिक्खूंच्या चीवरासाठी व ग्रंथांसाठी अक्षयनीवी ठेवलेली आहे, म्हणजे मुद्दल अबाधित ठेवून व्याजावर खर्च. आठ-नऊ शतकांत राजवंश कितीतरी बदलले, दान थांबले नाही. कान्हेरीही अखेर ओस पडली, हे खरे. पण ती एका सकाळी ओस पडली नाही.

धम्माच्या ऱ्हासाची मीमांसा करताना बाबासाहेबांनी 'बुत' हा शब्द 'बुद्ध' या नावापासून आला, याकडे लक्ष वेधले आहे. आक्रमणकाळी ब्राह्मणी धर्माला राजाश्रय होता, बौद्धांना तो उरला नव्हता, हाही मुद्दा त्यांनी मांडला. भिक्खूची जागा जन्माने भरून निघत नाही, हेही त्यांनी दाखविले आहे. इराणचे उदाहरण या शेवटच्या मुद्द्यास बळकटी देते. राजाश्रयाविषयी मात्र ते आणखी एक बाजू दाखविते : तेथे राजाश्रय भरपूर होता, पण आश्रयाखेरीज दुसरे काहीच नव्हते.

1321 साली तब्रिझकडून निघालेले चार फ्रान्सिस्कन ख्रिस्ती साधू ठाण्यात मारले गेले. ठाणे तेव्हा दिल्लीच्या सुलतानाच्या अंमलाखाली आले होते. त्यांचा सहकारी जोर्दानुस याने त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले. पुढे ओदोरिक या साधूने त्या अस्थी जहाजाने चीनला नेल्या. ज्या सोपाऱ्यात 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकलून भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे बाहेर काढले, तेच हे सोपारे.

तब्रिझमध्ये विहार पाडल्यानंतर सुमारे दहा वर्षांनी एक विलक्षण गोष्ट घडली. गाझानचा वजीर रशीद उद्दीन जगाचा इतिहास लिहीत होता. त्यातील हिंदुस्थानाच्या भागासाठी त्याने कमलश्री नावाच्या काश्मिरी भिक्खूस जवळ बसविले आणि त्याच्या साहाय्याने तथागतांचे चरित्र लिहिले. रशीद उद्दीनचा 1318 साली वध झाला, ग्रंथ राहिला. 1314 च्या सुमाराची त्याची एक सचित्र अरबी प्रत लंडनच्या खलिली संग्रहात आहे. त्या चरित्रात एक प्रकरण असे आहे की देवता येऊन प्रश्न विचारते आणि भगवान एकेक उत्तर देतात. संयुत्तनिकायाचा आरंभ ज्या देवतासंयुत्ताने होतो, त्याच तऱ्हेचा हा संवाद आहे. रामदासपेठेत त्या दिवशी आम्ही वाचत होतो तोच भाग.