तमिळ पडद्यावरचे करड्या छटांचे प्रेमवीर

नायकाने आईचा शब्द मोडू नये, मद्याला शिवू नये आणि प्रेयसीकडेही आदरानेच पाहावे, ही तमिळ चित्रपटातील चौकट एम. जी. रामचंद्रन यांनी पक्की केली. मात्र त्याच पडद्यावर प्रेमापायी पाप करणारा आणि तरीही प्रेक्षकांची सहानुभूती घेऊन जाणारा नायकही रुजला. एस. बालचंदर यांच्या 'अंद नाळ'मध्ये (१९५४) शिवाजी गणेशन यांनी देशद्रोही पती रंगवला होता. एकही गाणे नसलेल्या या चित्रपटात त्याचा अंत पत्नीच्याच हातून होतो.

खरी उलथापालथ केली ती के. बालचंदर यांनी. १९७६ च्या 'मूंड्रु मुडिचु'मध्ये दोन मित्रांचे एकाच तरुणीवर प्रेम असते. नौकाविहारात एक मित्र पाण्यात पडतो आणि दुसरा, पोहता येत असूनही, त्याला बुडू देतो. हा दुसरा म्हणजे रजनीकांत (मूळचे शिवाजीराव गायकवाड, घरची भाषा मराठी). पुढे श्रीदेवीने रंगवलेली ही तरुणी त्याच्या विधुर वडिलांशी विवाह करून त्याची सावत्र आई होते. सूडाची इतकी शांत तऱ्हा आपल्याकडच्या चित्रपटांत क्वचितच दिसली असेल. बुडणारा मित्र होता कमल हासन. त्यानेच 'सिगप्पु रोजाक्कळ'मध्ये (१९७८) स्त्रियांचे खून करणारा देखणा उद्योजक साकारला. हिंदीत त्याचाच 'रेड रोज' झाला.

त्याच वर्षीचा सी. रुद्रय्या यांचा 'अवळ अप्पडित्तान' अधिक सूक्ष्म म्हणावा लागेल. येथे स्त्रीद्वेष्टा रजनीकांत निदान उघड बोलतो. स्त्रीमुक्तीवर माहितीपट काढणारा सुसंस्कृत कमल मात्र नायिकेला समजून घेता घेता शेवटी भलत्याच मुलीशी लग्न करून मोकळा होतो. दोघांत अधिक दोषी कोण, हे दिग्दर्शक सांगत नाही.

नव्वदच्या दशकात या नायकाला मानसिक आजाराचा आधार मिळाला. 'गुणा'मध्ये (१९९१) मनोरुग्ण नायक एका श्रीमंत तरुणीला देवी मानून पळवतो आणि कोडईकनालच्या गुहेत ठेवतो. हळूहळू तीही त्याच्यावर प्रेम करू लागते. आज ती गुहा या चित्रपटाच्याच नावाने ओळखली जाते. 'वाली'त (१९९९) अजितने दुहेरी भूमिका केली. धाकट्या भावाच्या पत्नीवर डोळा ठेवणारा मूकबधिर थोरला भाऊच त्यात लक्षात राहतो.

सेल्वराघवन यांच्या 'कादल कोंडेन'ने (२००३) धनुषला नाव मिळवून दिले. बालपणी छळ सोसलेला अनाथ विनोद वर्गमैत्रिणीला फसवून दूर नेतो. ती त्याची कीव करते, पण 'गुणा'तल्या नायिकेप्रमाणे त्याच्या प्रेमात पडत नाही. अखेरीस कड्यावरून लोंबकळताना तोच तिचा हात सोडतो. तिचा नकार चित्रपटाने शेवटपर्यंत कायम ठेवला; मात्र प्रेक्षकाचे अश्रू त्याच्याच वाट्याला येतात.

या अश्रूंचा हिशेब पुढे मागितला गेला. जून २०१६ मध्ये चेन्नईच्या नुंगमबाक्कम रेल्वे स्थानकावर एका तरुण अभियंतीची हत्या झाली आणि पाठलागालाच प्रेम ठरवणाऱ्या तमिळ चित्रपटांवर कठोर टीका सुरू झाली. चित्रपटामुळे खून होतात, असे म्हणणे सोपे आहे आणि उतावीळपणाचेही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'रेमो' आला. त्यात लग्न ठरलेल्या तरुणीला मिळवण्यासाठी नायक परिचारिकेचा वेश घेऊन तिची फसवणूक करतो. हा प्रकार विनोदी ढंगात मांडलेला होता. चित्रपट गाजला.