हळदीच्या सकाळी ७.२०

दोन महिने आधी

"अहो, इथे बघा, डाग पडलाय." बाथरूमबाहेरच्या बोळात, गीझरच्या सॉकेटवर, डावीकडच्या भोकाभोवती तपकिरी कडं उमटलं होतं. मी ओल्या फडक्याने पुसलं. गेलं नाही. डावं भोक न्यूट्रलचं, म्हणजे बिनधोक, अशी मी स्वतःची समजूत घातली. वास्तविक फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. ढिल्या जोडावर तो कुठूनही गेला तरी जोड तापणारच. हे दहावीच्या विज्ञानात होतं आणि मला त्यात बरे मार्क होते.

पंधरा दिवस आधी

प्लगची पिन काळी पडलेली दिसली. मी पॉलिश पेपरने घासली, तिच्यावरचा मुलामाही उडवला. समाधान होईना म्हणून नवा प्लग आणून जोडला. सॉकेट तेच ठेवलं, कारण ते बदलायला बोर्ड उघडावा लागतो आणि त्यासाठी वायरमन लागतो. लग्नाच्या गडबडीत वायरमनला कोण बोलावणार?

सॉकेटच्या आत पितळी पट्ट्या असतात. त्या स्प्रिंगसारख्या पिनेला आवळून धरतात. एकदा भाजल्या की त्यांचा ताण जातो, पकड सुटते. पकड सुटली की जोड आणखी तापतो आणि तापला की आणखी सुटतो. तिथे नव्या प्लगची कोरी पिन खुपसणं म्हणजे ढिल्या चौकटीला नवं दार लावणं. ते दार मी लावलं आणि निर्धास्त झालो.

आदला दिवस, संध्याकाळी ६. तेरा तास आधी

नाशिकची डिसेंबरची थंडी आणि घरात अकरा माणसं. हातपाय धुऊन बाहेर आलेली आत्या बोळात थांबली. "अरे, हळदीच्या घरात मासळी कुणी आणली रे?" सगळे हसले. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मग शेजाऱ्यांवर संशय घेऊन झाला, खिडकी लावून झाली.

आत्याचं नाक बरोबर होतं. स्विच-सॉकेटचं प्लास्टिक तापून भाजू लागलं की कित्येकदा असाच कुजक्या मासळीसारखा वास येतो. अख्ख्या प्रकरणात इतका स्पष्ट इशारा दुसरा मिळाला नाही आणि आम्ही त्याचा विनोद केला.

रात्री १०.१५. नऊ तास आधी

हॉलमध्ये गाद्या घालायच्या, म्हणून रुखवताचं टेबल उचलून बोळात ठेवलं. थर्माकोलचं तुळशीवृंदावन, क्रेप कागदाची सप्तपदी, कापसाची बैलगाडी. बायकोने आणि तिच्या भावजयीने महिनाभर जागून केलेलं. टेबल सॉकेटच्या बरोबर खाली आलं.

पहाटे ४.४०. दोन तास चाळीस मिनिटं आधी

गीझर चालू केला. पुढचं सगळं या गीझरच्या हिशेबावर उभं आहे.

आमचा गीझर २५ लिटरचा, २००० वॅटचा. २३० व्होल्टला तो साधारण ८.७ अँपिअर घेतो. सॉकेट १६ अँपिअरचं, एमसीबी २० अँपिअरचा. कागदावर सगळं मर्यादेत. एरवी आम्ही तिघं. थंडीत पाणी तापायला ३५-४० मिनिटं, मग थर्मोस्टॅट बंद, सॉकेट थंड. आज एकामागून एक अंघोळी. एक बादली निघाली की टाकीत गार पाणी, की कॉइल पुन्हा चालू. उसंत नाही.

त्या ढिल्या जोडाचा अडथळा अर्धा ओहम झाला असेल असं धरा. ८.७ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे जवळपास ३८ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची डाग द्यायची सोल्डरिंग आयर्न एवढ्याच ताकदीची असते. तशी एक आयर्न आमच्या बोर्डात, प्लास्टिकच्या कुशीत, पहाटेपासून चालू होती. साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण ७० अंशांपर्यंत टिकण्यासाठी बनवलेलं असतं.

आणि एमसीबी? तो करंट मोजतो, उष्णता कुठे साठतेय ते त्याला कळत नाही. करंट ८.७ चाच, तेव्हा त्याने पडायचं काही कारणच नव्हतं. "काही असतं तर एमसीबी पडला असता," हे वाक्य त्या आठवड्यात मी दोनदा बोललो होतो.

५.५०

"दाजी, पाणी कोमट येतंय," मेहुणा आतून ओरडला. गीझरचा लाल दिवा लुकलुकत होता. बोर्डातून बारीक चरचर ऐकू येत होती, तळणीत पाण्याचा थेंब पडावा तशी. मी प्लग दाबून घट्ट बसवला. चरचर थांबली. मला तेव्हा आपल्या हाताचा अभिमान वाटला.

६.३०. पन्नास मिनिटं आधी

गाद्या गुंडाळून दाराजवळच्या कोपऱ्यात रचल्या, छातीएवढ्या. त्या कोपऱ्यात मेन स्विच आहे.

७.०५. पंधरा मिनिटं आधी

प्लगला हात लावला आणि चटका बसला. स्विच बंद केला. प्लग ओढला, निघेना, आत वितळून चिकटला होता.

इथे सगळं संपायला हवं होतं. करायचं होतं एवढंच: प्लगला हिसके न देता गीझरचा एमसीबी खाली, मग मेन खाली. त्या बोर्डावर इन्व्हर्टरचा दिवा असेल तर इन्व्हर्टरही बंद, कारण मेन पाडला तरी ती तार जिवंत राहते. बोर्डावर "चालू करू नका" असा कागद, खालचं टेबल दूर आणि वायरमनला फोन. राहिलेल्या अंघोळींसाठी गॅसवर पातेलं.

"अजून दोघी राहिल्यात रे," आत्या म्हणाली. मी स्विच पुन्हा चालू केला. बाकीच्या चुका अज्ञानाच्या होत्या. ही मात्र मी हाताला चटका बसल्यानंतर, समजून उमजून केली.

७.२०

आधी फट्ट असा आवाज आला. आवरण वितळून फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले आणि तेव्हा कुठे एमसीबी पडला. आग मात्र तोवर लागलेली होती. जुन्या लाकडी बोर्डातून पिवळी जीभ बाहेर आली, वितळतं प्लास्टिक थेंबाथेंबाने खाली पडलं, थेट सप्तपदीवर. क्रेप कागद आणि थर्माकोल. पहिल्या थेंबानंतर बोळ दिसेनासा व्हायला एक मिनिटही लागलं नाही. धूर काळा, घशात काटे रुतवणारा. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो.

७.२१

मेहुणा भरलेली बादली घेऊन धावला. मी त्याचा हात धरला. एमसीबी पडला होता, पण त्याच बोर्डावरचा बोळातला दिवा इन्व्हर्टरवर होता आणि धुरातही जळत होता. पाणी मारलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून पुरता करू शकत नाही. मेनकडे गेलो तर गाद्या. त्या उपसण्यात गेलेलं मिनिट मला आयुष्यातल्या कुठल्याही मिनिटापेक्षा लांब वाटलं. बायकोने तेवढ्यात सगळ्यांना जिन्यात काढलं आणि १०१ ला फोन केला. डोकं तिचंच ठिकाणावर होतं.

७.२५

वरच्या मजल्यावरच्या मुलाने जिन्यातलं पावडरचं सिलिंडर आणलं, पिन काढली आणि आगीच्या बुडाशी मारलं. विझली. अग्निशमन दलाचे जवान आले तेव्हा त्यांनी बोर्डामागची भिंत चाचपून बघितली, कारण पाइपातल्या वायरी आत धुमसत राहू शकतात.

बोळाचं छत, बाथरूमचं दार, रुखवत आणि माझा उजवा तळवा. हळद दुपारी शेजाऱ्यांच्या गच्चीवर झाली.

संध्याकाळी ४

परवानाधारक वायरमन आला. मेन आणि इन्व्हर्टर बंद करून, टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय त्याने बोर्डाला हात लावला नाही. न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता. वायरीचं आवरण जुन्या पापडासारखं तुटत होतं आणि आतलं तांबं काळं पडलेलं. चकचकीत तांबं लागेपर्यंत तो वायर मागे कापत गेला, ते काही लागेना. शेवटी गीझरसाठी मेनपासून स्वतंत्र, ४ स्क्वेअर एमएमची नवी वायर ओढली. लाकडी बोर्डाच्या जागी नवी पेटी, आयएसआय छापाचं १६ अँपिअरचं सॉकेट आणि प्लगही नवा, कारण भाजलेला प्लग नव्या सॉकेटलाही बिघडवतो. मेनपाशी त्याने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, पण तो बसवताना हेही सांगितलं की हा शॉकपासून वाचवेल, ढिल्या स्क्रूचं त्यालाही कळणार नाही.

जाता जाता मी त्याला घरातली बाकीची जड सॉकेटं उघडून बघायला सांगितलं. वॉशिंग मशीनमागचं सॉकेटही आतून काळं निघालं.