‘ब्रो’ म्हणजे काय? अर्थ, वापर आणि कोल्हापूरचा ‘भावा’

‘हॅपी बर्थडे ब्रो’, ‘थँक्स ब्रो’, ‘कडक फोटो ब्रो’... व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर रोज दिसणारा ‘ब्रो’ हा ‘ब्रदर’, म्हणजे भाऊ, या इंग्रजी शब्दाचे छोटे रूप आहे. मात्र ज्याला ब्रो म्हटले जाते तो सख्खा भाऊ असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो मित्र असतो, कधी कधी अनोळखीही.

शब्द आला कुठून?

इंग्रजीत ‘ब्रदर’ थोडक्यात लिहिण्यासाठी ‘ब्रो’ 17 व्या शतकापासून वापरात आहे. मित्राला हाक म्हणून तो 20 व्या शतकात रूढ झाला. त्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीचा मोठा वाटा आहे.

गंमत म्हणजे ‘ब्रदर’ आणि संस्कृत ‘भ्रातृ’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मूळ भाषेतून आले. ‘भ्रातृ’वरून प्राकृतमार्गे मराठीत ‘भाऊ’ झाला. म्हणजे ब्रो आणि भाऊ ही शब्दांतली चुलत भावंडेच!

कोल्हापूरचा ‘भावा’

‘भाऊ’ला हाक मारताना ‘भावा’ होतो. कोल्हापुरात या हाकेला रक्ताचे नाते लागत नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असो की रंकाळ्यावरची चक्कर, ‘काय भावा’, ‘नाद खुळा भावा’ कानावर पडतेच. ‘थँक्स ब्रो’च्या जागी ‘थँक्स भावा’ लिहिले तरी अर्थ तोच राहतो.

फरक कुठे आहे?

‘भावा’ ही फक्त हाक आहे. ‘ब्रो’ मात्र तिसऱ्या माणसाबद्दलही वापरतात. मीममध्ये ‘ब्रो स्वतःला हिरो समजतोय’ असे दिसले, तर तिथे ब्रो म्हणजे ‘हे साहेब बघा’. ही आपुलकी नव्हे, थट्टा आहे. ‘ब्रुह’ हे त्याचेच दुसरे रूप; ‘काय हे!’ अशा वैतागासाठी किंवा आश्चर्यासाठी ते येते.

मुलींना ब्रो म्हणतात का?

मैत्रिणी एकमेकींना सर्रास म्हणतात. कोल्हापुरी बोलीत बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, त्यामुळे तिथे हे फारसे खटकणार नाही. पण अनोळखी मुलीच्या पोस्टखाली ब्रो लिहिल्यास, आपल्याला मुलगा समजले, असे तिला वाटू शकते.

कुठे टाळावा?

एक सोपी कसोटी आहे : ज्याला ‘तू’ म्हणता येते, त्यालाच ब्रो म्हणावे. शिक्षक, वरिष्ठ, ग्राहक आणि वयाने मोठी माणसे यांच्याशी ‘तुम्ही’ वापरतो, तिथे ब्रो उद्धट वाटतो. ‘सर, उद्या सुट्टी हवी ब्रो’ हा मेसेज सुट्टी मिळवून देण्याची शक्यता कमीच!

दुःखाच्या प्रसंगीही जपावे. मित्राच्या घरी कुणी गेल्यावर नुसते ‘सॉरी ब्रो’ लिहिले, तर इंग्रजीत ते सांत्वन असते. मराठी घरात मात्र ते घाईत उरकल्यासारखे वाटू शकते. त्यापेक्षा ‘भावा, मी आहे. काही लागलं तर सांग’ एवढे लिहावे. आणि जमल्यास घरी जाऊन यावे.