महाडची अफवा आणि खेळ-सिद्धांत

महाडच्या २० मार्च १९२७ च्या दंगलीला 'गैरसमजातून घडलेला प्रकार' म्हणण्याची खोड अजून गेलेली नाही. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठली, माथी भडकली आणि मंडपात जेवत असलेल्या परिषदेच्या लोकांवर लाठ्या पडल्या. एवढे सांगितले की सवर्ण समाज मोकळा! ही सुटका इतक्या स्वस्तात द्यावी काय?

खेळ-सिद्धांत एरवी असे धरून चालतो की आपण कोणता डाव खेळतो आहोत हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. १९७७ साली पीटर बेनेट या अभ्यासकाने हे गृहीतच सोडून दिले. प्रत्येक पक्ष आपापल्या समजुतीतला डाव खेळतो, असे त्याचे म्हणणे. त्याला त्याने 'हायपरगेम' म्हटले. हे महाडला लावून पाहू. परिषदेचा डाव तळ्यापुरता होता. १९२३ चा बोले ठराव आणि १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव यांनी कागदावर दिलेला हक्क ओंजळीत घ्यायचा, इतकाच. सनातन्यांच्या तोंडी मात्र देऊळ होते.

गैरसमज हेच कारण असेल, तर खरी गोष्ट कळताच चाल बदलली पाहिजे. देवळात जाण्याचा आमचा विचारच नाही, हे बाबासाहेबांनी भर रस्त्यात जमावाला सांगितले. चाल बदलली नाही. उलट, परतणाऱ्यांना गावीच ठोकावे असे निरोप गेले. बाजाराला आणि कचेरीला महाडच गाठावे लागणाऱ्या बिरवाडी-पोलादपूरच्या माणसाला हा धाक केवढा वाटला असेल! पुढे शुद्धी झाली ती देवळाची नव्हे, तळ्याची. १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव फिरवला. बोले ठरावाला त्याच दिवशी चार वर्षे पुरी होत होती. डिसेंबरातला दिवाणी दावाही तळ्यावरच. अफवेने वैर निर्माण केले नाही, तिने त्याला मुहूर्त दिला.

चुकीचा अंदाज असलाच तर तो दुसरा होता. मार खाल्लेला माणूस एक तर पळेल नाही तर उलटून मारील, एवढ्याच दोन चाली सनातन्यांना दिसत असाव्यात. बंगल्यावर संतापलेली माणसे इशाऱ्याची वाट पाहत होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आला तेव्हा २५ तारखेला मनुस्मृती जाळली, पण तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला. सरकार हा तिसरा खेळाडू सनातन्यांच्या पंक्तीला जाऊन बसू नये, हा त्यातला हिशेब. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: सनातनी सांगत होते ती अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही.