डेट्रॉईटचे ते सहा तास

परदेशात राहणाऱ्या आपल्या प्रत्येकाला रात्री दोनच्या फोनची धास्ती असते. मला तो फोन साताऱ्याहून आला. आत्या आयसीयूत होती. "दोन दिवस ताप होता रे, वाटलं उतरेल," आतेभाऊ म्हणाला. "आता डॉक्टर म्हणतात, इन्फेक्शन रक्तात गेलंय." मी तिकीट काढेपर्यंत आत्या गेली होती.

त्या आजाराचं नाव सेप्सिस. शरीर जंतुसंसर्गाशी लढता लढता बेताल होतं आणि स्वतःच्याच मूत्रपिंडाला, फुफ्फुसांना, मेंदूला इजा करू लागतं. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण त्यानंतर याविषयी वाचत गेलो आणि लक्षात आलं, की या आजाराच्या इतिहासातलं एक मोठं पान माझ्या घरापासून अर्ध्या तासावर लिहिलं गेलं होतं. डेट्रॉईटच्या लॉज फ्रीवेवरून जाताना दिसणाऱ्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये!

आयसीयूची कल्पना तशी फार जुनी नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांसाठी यंत्रं पुरेनात. तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशाला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायचा, असा मार्ग काढला. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अतिदक्षता विभाग सुरू केला.

पुढे आयसीयूत यंत्रांची भर पडत गेली. पण सेप्सिसचा रुग्ण तिथे पोहोचायचा कधी? खाट रिकामी होईपर्यंत तो इमर्जन्सी विभागातच तासन् तास पडून असायचा. डेट्रॉईटच्या डॉ. इमॅन्युएल रिव्हर्स यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. १९९७ ते २००० या काळात त्यांनी २६३ गंभीर रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांना इमर्जन्सीतच पहिले सहा तास काटेकोर उपचार दिले: सलाईन, रक्तदाबाची औषधं, गरज पडल्यास रक्त, आणि मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालून रक्तातल्या ऑक्सिजनवर सतत नजर. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांत ४६.५ टक्के रुग्ण दगावले होते, नव्या पद्धतीत ३०.५ टक्के. जगभर ही पद्धत गाजली.

गोष्ट इथे संपत नाही. २०१४-१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंड इथल्या तीन मोठ्या चाचण्यांत मिळून चार हजारांहून अधिक रुग्णांवर ही पद्धत पुन्हा तपासली गेली. फरक? काहीच नाही!

मग रिव्हर्स चुकले का? तसं म्हणता येणार नाही. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या चाचण्यांत नेहमीच्या उपचारांच्या गटातही मृत्यूचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांवर आलं होतं. रुग्ण वेगळे, मोजणी वेगळी, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. पण मधल्या काळात 'नेहमीचे उपचार'च बदलले होते. सेप्सिस लवकर ओळखायचा, अँटिबायोटिक आणि सलाईन लवकर सुरू करायचं, हे अंगवळणी पडलं होतं. त्या खास नळीची सक्ती गेली, घड्याळ मात्र राहिलं. आमच्या धंद्यातही असंच होतं. महागडं टूल बाजूला पडतं, पण त्याच्या निमित्ताने लागलेली शिस्त टिकते.

तरीही २०१७ या एका वर्षात जगात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आत्या एकटी नव्हती.

म्हणून आता घरी फोन केल्यावर मी नुसतं "ताप किती आहे?" असं विचारत नाही. बोलणं असंबद्ध झालंय का, धाप लागतेय का, लघवी कमी झालीय का, हातपाय गार पडलेत का, हे विचारतो. यातलं काही असेल तर एकच सांगतो, "उद्या नको, आत्ताच हॉस्पिटलमध्ये न्या आणि सेप्सिस असू शकेल का, असं डॉक्टरांना विचारा."

आत्यासाठी हे विचारायला मला उशीर झाला. तुम्हाला होऊ नये.